अंधार उचललात, कणव राहून गेली

सुपरहिरोंच्या अ‍ॅनिमेशन मालिका लिहिणाऱ्या, बनवणाऱ्या आणि त्यांना हिरवा कंदील दाखवणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

नव्या मालिकेची घोषणा करताना तुम्ही बरेचदा सांगता, की ही मालिका 'डार्क' आहे, पोरखेळ नाही, मोठ्यांनी पाहावी अशी आहे. आणि त्याच दमात 'बॅटमॅन : दि अ‍ॅनिमेटेड सिरीज'चं नाव आदराने घेता. त्या नावाला शोभेल असं काहीतरी तुमच्या हातून व्हावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. त्या मालिकेतून तुम्ही उचललंत ते तिचं वरवरचं रूप आहे : काळं आकाश, पाऊस, उंच इमारतींच्या कडेवर उभी राहिलेली टोकदार कानांची आकृती. ज्या कणवेमुळे ती मालिका तीस वर्षांनंतरही माणसं पुन्हा पुन्हा पाहतात, ती कणव मात्र तुमच्याकडून राहून गेली.

ही मालिका कुणासाठी आणि कुठल्या वेळेला दाखवली जात होती, हे आधी आठवू या. ५ सप्टेंबर १९९२ रोजी ती अमेरिकेत फॉक्स किड्सवर सुरू झाली आणि लगेच रोज दुपारी, शाळा सुटून मुलं घरी येण्याच्या वेळेला दिसू लागली. पुढे काही महिने तिचे भाग रविवारी संध्याकाळी, सगळं घर टीव्हीसमोर असतं त्या वेळेलाही दाखवले गेले. १९९५ पर्यंत ८५ भाग झाले. म्हणजे 'मोठ्यांसाठी' ही पाटी लावून केलेलं हे काम नव्हतं. दप्तर टाकून टीव्हीसमोर बसणाऱ्या मुलांसाठीच ते केलेलं होतं, आणि तरी मोठी माणसं त्यात गुंतली. तुम्ही आज रक्त, शिव्या आणि मोडलेली हाडं दाखवून जो परिणाम साधू पाहता, त्याहून खोल परिणाम या मालिकेने यातलं काहीही न वापरता साधला. तो कसा साधला याचा नीट विचार झाला पाहिजे.

पहिल्याच आठवड्यात 'हार्ट ऑफ आइस' हा भाग आला. लेखक पॉल डिनी, दिग्दर्शक ब्रूस टिम. मिस्टर फ्रीझ या खलनायकाला तोवर कुणी फारसं मनावर घेत नसे. बर्फाची बंदूक घेऊन दरोडे घालणारा एक चक्रम, एवढीच त्याची ओळख होती. डिनीने त्याला बायको दिली आणि दुःख दिलं. व्हिक्टर फ्राइस हा शास्त्रज्ञ. त्याची पत्नी नोरा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली. उपाय सापडेपर्यंत तिला गोठवून जिवंत ठेवावं म्हणून तो कंपनीच्या प्रयोगशाळेत धडपडतो आहे. कंपनीचा प्रमुख फेरिस बॉइल खर्चाचं कारण सांगून प्रयोग बंद पाडायला येतो, व्हिक्टर हातापाया पडतो, आणि बॉइल त्याला लाथेने रसायनांत ढकलतो. त्यानंतर व्हिक्टर फक्त शून्याखालच्या थंडीत, एका चिलखतासारख्या पोशाखात जगू शकतो.

या भागात पाठलाग आहे, मारामारी आहे, सगळं आहे. पण त्याचा जीव आहे तो बॅटमॅन त्या रात्रीचं चित्रण पाहतो त्या प्रसंगात. ज्याला पकडायला आपण निघालो आहोत त्याच्यावरच एवढा मोठा अन्याय झाला आहे, हे बॅटमॅनला कळतं तेव्हा तो भाषण देत नाही. तो हादरतो, आणि ते त्याच्या एका उद्गारातून आपल्याला समजतं. तरीही फ्रीझला थांबवणं त्याला भागच आहे, कारण फ्रीझच्या सूडात निरपराध माणसं मरणार आहेत. शेवटी तो दोन कामं करतो. फ्रीझला पकडतो, आणि ते चित्रण एका पत्रकाराच्या हाती देतो. त्याच रात्री मानवतावादी उद्योजक म्हणून मिरवणारा बॉइल उघडा पडतो. मग शेवटचा प्रसंग : कोठडीत बसलेला फ्रीझ, त्याच्या हातात नर्तकीची एक इवलीशी बाहुली, आणि तो नोराची क्षमा मागतो आहे.

या भागाची बांधणी बारकाईने पाहा. बॅटमॅनला सर्दी झालेली असते, म्हणून त्याचा घरचा जुना नोकर आल्फ्रेड त्याला बळेबळे गरम सूप देतो. आपण हसतो आणि विसरून जातो. शेवटच्या झटापटीत तेच गरम सूप फ्रीझच्या शिरस्त्राणाची काच तडकवतं. बावीस मिनिटांत एक वस्तू वाया गेलेली नाही, एक वाक्य जास्तीचं नाही. मायकेल अन्सारा यांनी फ्रीझचा आवाज जवळजवळ निर्विकार ठेवला आहे. रडू त्या आवाजात ऐकू येत नाही, रडण्याची ताकदच गोठून गेल्याचं ऐकू येतं. या पटकथेला एमी हा टीव्हीसाठीचा पुरस्कार मिळाला. आणि मूळ कॉमिक्सनेच पुढे फ्रीझची ही नवी कहाणी आपली मानली. मुलांच्या एका मालिकेने अनेक दशकं जुन्या पात्राला नव्याने जन्म दिला.

तुम्ही म्हणाल, खलनायकाला दुःखद पूर्वकथा तर आम्हीही देतो. देता, हे खरं आहे. जवळजवळ प्रत्येक खलनायकाला आता वाईट बालपण असतं, मेलेलं कुणीतरी असतं. पण ती पूर्वकथा प्रेक्षकाला सांगून होते आणि नायकापर्यंत पोचतच नाही. नायक आपला ठोसे मारत राहतो. या मालिकेत ते दुःख समजून घेणारा माणूस स्वतः बॅटमॅन असतो. मूल पडद्यावर पाहतं, की ज्याच्या अंगात सगळ्यात जास्त ताकद आहे तोच समोरच्याचं दुःख सगळ्यात आधी ओळखतो. माझ्या मते या मालिकेचं सगळं आकर्षण इथून सुरू होतं. बाकीच्या गोष्टी, म्हणजे चित्रं, संगीत, आवाज, या भावनेला आधार द्यायला आलेल्या आहेत.

'रॉबिन्स रेकनिंग' हा दोन भागांचा कथाभाग घ्या. याच्या पहिल्या भागाला १९९३ साली प्राइमटाइम एमी मिळाला. सर्कशीतल्या झुल्याचा दोर कुणीतरी मुद्दाम खराब करून ठेवला आहे, आणि छोट्या डिक ग्रेसनचे, म्हणजे पुढे बॅटमॅनचा साथीदार रॉबिन होणाऱ्या मुलाचे, आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत मरतात. मृत्यू दाखवायचा नाही, हा वाहिनीचा दंडक. मग काय दाखवलं? झुला चौकटीबाहेर जातो आणि परत येतो तेव्हा नुसता तुटलेला दोर असतो. प्रेक्षकांचे श्वास अडकलेले. एवढंच. त्या रिकाम्या दोराने जे केलं ते कुठल्याही रक्ताच्या थारोळ्याने झालं नसतं, कारण दोराच्या पुढचं दृश्य मुलाने स्वतःच्या मनात पुरं केलं.

त्याच कथेत पुढे एक रात्र आहे. ब्रूस वेनच्या, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनच्या, भल्याथोरल्या वाड्यात तो पोरका मुलगा एकटा पडला आहे. ब्रूसच्याही आईवडिलांचा खून झालेला. मुलगा ब्रूसला विचारतो, की हे दुखणं कधी जातं का. ब्रूस खोटं बोलत नाही. हो म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, असं तो सांगतो. पण काळाने थोडं हलकं होईल, आणि तुझ्या बाबतीत तरी होईल, असं म्हणतो. त्या 'तुझ्या बाबतीत' मध्ये सगळा बॅटमॅन आला. स्वतःचं दुखणं कमी होणार नाही हे त्याने मान्य केलं आहे, आणि समोरच्या पोराचं तसं होऊ नये एवढीच त्याची धडपड आहे. कथेच्या शेवटी मोठा झालेला रॉबिन चिडून विचारतो, की मला माझ्या आईबापांच्या मारेकऱ्यापासून दूर का ठेवलंस. बॅटमॅन कबूल करतो, की त्या माणसाने तुझं इतकं हिरावून घेतलं, तो तुलाही घेऊन जाईल ही भीती मला सहन होईना. सुपरहिरो मुलांसमोर 'मी घाबरलो होतो' असं सांगतो आहे. तुमच्या अलीकडच्या कामात असं किती वेळा घडलं, ते तुम्हीच आठवून पाहा.

आणि 'हार्लीज हॉलिडे'. जोकर या खलनायकाची साथीदार हार्ली क्विन वेड्यांच्या तुरुंगातून सुटते, सरळ वागायचं ठरवते, दुकानातून एक पोशाख विकत घेते. पैसे दिलेले असतात. पण चोरी टाळण्यासाठी लावलेली पट्टी काढायची राहते, दारात घंटा वाजते, आणि जुन्या भीतीने ती बिथरते. पुढे एकातून दुसरा घोटाळा. दिवस संपतो तेव्हा ती पुन्हा आत. बॅटमॅन तिला भेटतो आणि तोच पोशाख तिच्या हाती देतो. माझ्याही आयुष्यात एकदा एक वाईट दिवस आला होता, असं तो सांगतो. हा भाग विनोदी आहे, धमाल आहे, आणि शेवटी गळा दाटून येतो. शिक्षा चुकत नाही, पण माणूस टाकून दिलं जात नाही.

आता चित्रांबद्दल, कारण तुम्ही सगळ्यात जास्त नक्कल त्यांची करता. मालिकेचे एक निर्माते एरिक रॅडॉम्स्की यांनी पार्श्वचित्रं काळ्या कागदावर रंगवायला लावली. एरवी पांढऱ्यावर रंग चढवत अंधार करतात. इथे अंधार आधीपासून होताच, चित्रकाराने त्यातून फक्त उजेड बाहेर काढायचा. एखादी खिडकी, रस्त्याची ओली कड, दिव्याचा कोन. म्हणून बॅटमॅनच्या त्या गॉथम शहरात प्रत्येक उजेड कुणीतरी मुद्दाम ठेवल्यासारखा वाटतो आणि डोळा आपोआप त्याच्याकडे जातो. आजच्या अनेक मालिकांत सगळं सारखंच काळपट असतं. तिथे डोळ्याला जायला जागाच नसते.

ब्रूस टिमच्या आकृत्यांचंही तसंच. रुंद खांदे, मोजक्या रेषा, कोनाकोनांचे चेहरे. झगा पांघरून उभा राहिलेला बॅटमॅन म्हणजे एक काळा त्रिकोण. यामागे सौंदर्यदृष्टी होती तसा व्यवहारही होता. प्रत्यक्ष अ‍ॅनिमेशन जपान आणि दक्षिण कोरियातल्या वेगवेगळ्या स्टुडिओंत व्हायचं. आकृतीत रेषा जितक्या जास्त, तितकं चित्र हलताना बिघडायची शक्यता जास्त. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लायशर स्टुडिओने काढलेल्या सुपरमॅनच्या लघुपटांचा आदर्श समोर होता. त्यातून एक असं शहर उभं राहिलं ज्याला साल नाही. पोलिसांची फुग्यासारखी हवाई जहाजं आकाशात तरंगतात, टीव्हीवर कृष्णधवल चित्र दिसतं, मोटारी जुन्या घाटाच्या, आणि गुहेत मात्र संगणक. साल नसल्यामुळे ही मालिका जुनी व्हायला तयार नाही. आज ती पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाला ती 'आईबाबांच्या वेळची' वाटत नाही; ती थेट गॉथमच्या वेळची वाटते.

आवाजांविषयी मला थोडं जास्त लिहायचं आहे. केव्हिन कॉनरॉय यांनी ब्रूस वेन आणि बॅटमॅन यांना दोन वेगळे आवाज दिले. ब्रूसचा हलका, गुळगुळीत, जगाला दाखवायचा. बॅटमॅनचा खोल, खरा. मुखवटा चढवल्यावर माणूस खरा होतो आणि उतरवल्यावर नाटक सुरू होतं, हे त्यांनी केवळ आवाजाने सांगितलं. २०२२ मध्ये त्यांनी स्वतःच्या आयुष्यावर 'फाइंडिंग बॅटमॅन' ही छोटी चित्रकथा लिहिली. समलिंगी माणूस म्हणून लपवालपवीत काढलेली वर्षं, घरातलं दुःख, आणि त्या सगळ्यातून चाचणीच्या वेळी आतून वर आलेला तो आवाज. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला ते गेले. ती कथा वाचल्यानंतर मालिका पुन्हा पाहिली, की बॅटमॅनच्या तोंडच्या साध्या वाक्यांनाही वजन येतं. 'पर्चान्स टू ड्रीम' या भागात ब्रूसला जाग येते तेव्हा आईवडील जिवंत असतात, आणि बॅटमॅन म्हणून कुणी दुसराच हिंडत असतो. ते सुख खोटं आहे हे त्याला कळतं, कारण पुस्तकातली, वर्तमानपत्रातली अक्षरं वाचताच येत नाहीत. मग तो स्वतःच बॅटमॅनशी झुंजतो, आणि दोन्ही आवाज कॉनरॉयचेच. हवं ते सगळं मिळालेलं जग सोडून तो उडी मारतो. दुपारच्या कार्यक्रमात! मुलांना हे कळणार नाही, असं त्या मंडळींपैकी कुणीतरी म्हणालं असतं तर हा भाग झालाच नसता.

ध्वनिमुद्रण दिग्दर्शक अँड्रिया रोमानो कलावंतांना शक्यतो एकत्र बसवून संवाद घ्यायच्या. एकट्याने काचेच्या खोलीत ओळी म्हणून जायचं नाही; समोरच्याचं ऐकून उत्तर द्यायचं. मार्क हॅमिल यांचा जोकर म्हणूनच इतका जिवंत आहे. तो समोरच्याच्या भीतीवर पोसतो, आणि ती भीती त्याच खोलीत असते. तुमच्या खर्चाच्या तक्त्यात ही पद्धत महाग दिसत असेल, पण तिची किंमत पडद्यावर दिसते.

संगीत शर्ली वॉकर यांचं. सुरुवातीची धून डॅनी एल्फमन यांची. पण एकेका भागासाठी स्वतंत्र संगीत लिहून ते खऱ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेण्याचा आग्रह वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निभावला. तयार तुकडे उचलून चिकटवले नाहीत. प्रत्येक खलनायकाला त्याची धून आहे, आणि ती धून फक्त 'आला, आला' असं सांगत नाही, तो कसा झाला हेही सांगते. फ्रीझच्या धुनेत खेळण्यातल्या पेटीची हळवी सुरावट आहे. त्या धुनेमुळे लेखकाला चार वाक्यं कमी लिहावी लागली असतील.

सगळेच ८५ भाग सारखे उतरले आहेत असं मी म्हणणार नाही. काही भागांचं अ‍ॅनिमेशन ढिसाळ आहे, काही कथा पातळ आहेत, लहान मुलांना नायक करून रचलेल्या एकदोन गोष्टी तर मला पाहवत नाहीत. पण त्या मंडळींनी प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा केला, म्हणून एक फसला तर तो एकटाच फसला. तुमच्या आठ-दहा भागांच्या एकसलग मालिकेत मधले चार भाग पाणी घातलेले निघाले, की सगळी गोष्टच फिक्की होते.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. सुटी, पूर्ण गोष्ट सांगायला मोकळीक असली की लेखक बाजूच्या माणसांकडे पाहू शकतो. 'जोकर्स फेवर'चा नायक बॅटमॅन नाही. चार्ली कॉलिन्स नावाचा एक साधा नोकरदार आहे. कामावरचा दिवस वाईट गेलेला असतो, रस्त्यात एका गाडीवाल्याला तो शिवी हासडतो, आणि तो गाडीवाला जोकर निघतो. जीवदान मिळतं, पण एका 'उपकारा'च्या बोलीवर. चार्ली नाव बदलतो, गाव बदलतो, आणि दोन वर्षांनी फोन वाजतो. शेवटी हाच भेदरलेला माणूस जोकरला एका गल्लीत गाठतो आणि इतका घाबरवतो, की जोकर बॅटमॅनला हाका मारू लागतो. सामान्य माणसाच्या धैर्याची इतकी सुरेख गोष्ट सुपरहिरोंच्या जगात मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. अशी गोष्ट आज तुमच्या बैठकीत कुणी मांडली तर तिचं काय होईल? 'मुख्य कथानकाशी याचा संबंध काय' या प्रश्नावर ती मरेल.

आणि याच भागात जोकरला एक मदतनीस हवी होती म्हणून हार्ली क्विन आली. एका भागापुरती. डिनीला कॉलेजपासूनची मैत्रीण आर्लीन सॉर्किन आठवली. एका मालिकेतल्या स्वप्नदृश्यात तिने विदूषकाचं सोंग घेतलं होतं. त्यावरून पात्र सुचलं, आवाजही तिनेच दिला. ते पात्र इतकं आवडलं, की त्याला परत बोलवावं लागलं, मग ते कॉमिक्समध्ये गेलं, पुढे चित्रपटांत गेलं. आज ज्या नावावर तुम्ही अख्ख्या मालिका उभ्या करता ते नाव कुठल्याही दहा वर्षांच्या आराखड्यात नव्हतं. लेखकाला हात मोकळा होता म्हणून ते सापडलं.

'डार्क' होण्याच्या नादात जे जुन्या, हसऱ्या बॅटमॅनची लाज बाळगतात, त्यांच्यासाठी एक भाग खास सांगते. 'बीवेअर द ग्रे घोस्ट'. सायमन ट्रेंट हा एकेकाळी टीव्हीवर मुखवटाधारी वीराचं काम करणारा नट. आता त्याला काम मिळत नाही, घरभाडं थकलं आहे, जुना पोशाखही विकावा लागतो. शहरात त्याच्याच जुन्या मालिकेतल्या कथेसारखे स्फोट होऊ लागतात आणि बॅटमॅन त्याची मदत मागायला येतो. ब्रूस लहानपणी बाबांच्या शेजारी बसून ती मालिका पाहायचा; त्या वीराला पाहूनच तो बॅटमॅन झाला. ट्रेंटचा आवाज आहे अ‍ॅडम वेस्ट यांचा, १९६०च्या दशकातल्या त्या रंगीबेरंगी, गमतीदार मालिकेतल्या बॅटमॅनचा. नव्या, गंभीर मालिकेने जुन्याला हिणवलं नाही. त्याला सन्मानाने घरी बोलावलं आणि तुमच्यामुळे आम्ही आहोत असं सांगितलं. ज्यांना स्वतःच्या कामाची खात्री असते ते आधीच्यांचे आभार मानू शकतात.

बंधनांबद्दलही बोलायलाच हवं. वाहिनीच्या नियमांनुसार काय काय चालणार नाही, याची यादी लांबलचक होती. बंदुकीचा नेम थेट माणसावर नको, गळा दाबणं नको, दारू-सिगारेट नको, मुलं संकटात नकोत, काच फोडणं नको. ब्रूस टिमने यातल्या सगळ्या निषिद्ध गोष्टी एकाच चित्रात कोंबून एक व्यंगचित्र काढलं होतं. म्हणजे ती मंडळीही या नियमांनी वैतागत होती. पण वैतागून त्यांनी हात टेकले नाहीत. सावलीत, आवाजात, चौकटीबाहेर गोष्ट सांगायला शिकले. ब्रूसच्या आईवडिलांचा खून मालिकेत थेट दाखवलेला नाही, तरी त्यांच्या आठवणीचं ओझं जवळजवळ प्रत्येक भागात जाणवतं. तुम्हाला आज स्ट्रीमिंगवर जवळपास काहीही दाखवायची मुभा आहे. मिळालेली मुभा वापरलीच पाहिजे असा काही नियम नाही.

आता माझ्या मागण्या.

स्ट्रीमिंग सेवांनो, ही मालिका तुमच्याकडे असेल तर ती आहे तशी दाखवा. तिची सुरुवात म्हणजे एक मिनिटाचा मूकपट आहे. बँकेत स्फोट, गच्च्यांवरून पळणारे दोन चोर, पाठलाग, झटापट, बांधून ठेवलेले चोर, आणि विजेच्या लखलखाटात उंचावर उभी ती आकृती. त्यात मालिकेचं नावसुद्धा येत नाही, कारण गरजच नाही. त्यानंतर प्रत्येक भागाची वेगळी रंगवलेली शीर्षकपाटी येते, तिचं स्वतःचं संगीत घेऊन. हे सगळं 'पुढे जा'च्या बटणाखाली गाडू नका. शेवटची श्रेयनामावली चिमटीएवढी करून पुढचा भाग लोटू नका. फ्रीझच्या त्या कोठडीनंतर माणसाला थोडा वेळ हवा असतो. मूळ चौकोनी चौकट वरखाली कापून रुंद करू नका. आणि भागांचा क्रम देताना दोन भागांच्या कथा एकमेकींपासून तोडू नका.

निर्मात्यांनो, एक तरी मालिका अशी काढा जिचा प्रत्येक भाग बावीस मिनिटांत पुरा होईल, आणि जी मुलांना दाखवता येईल. ती मुलांसाठी आहे म्हणून तिचा पैसा कापू नका. प्रत्येक भागाला स्वतंत्र संगीत द्या. आवाजाच्या कलावंतांना एका खोलीत बसवा.

लेखकांनो, पुढचा खलनायक लिहाल तेव्हा त्याची कहाणी नायकाच्या कानावर जाऊ द्या. ती ऐकल्यावर नायकाचा हात क्षणभर थांबला पाहिजे, आणि थांबून पुन्हा कामाला लागला पाहिजे. तो थांबण्याचा क्षण कापायला कुणी सांगितलं तर भांडा. दुसरं दृश्य कापून द्या, हवं तर एक अख्खी मारामारी द्या, पण तो क्षण देऊ नका.

आणि वाहिन्यांच्या अधिकाऱ्यांनो, १९९०च्या सुमारास वॉर्नर ब्रदर्सच्या अ‍ॅनिमेशन विभागाच्या प्रमुख जीन मॅकर्डी यांच्यापुढे आलेले टिम आणि रॅडॉम्स्की हे दोघंही तोवर निर्माते नव्हते. त्यांच्याकडे त्यांनी केलेली एक छोटीशी नमुनाफीत होती. त्या फितीतलं काम पाहून मॅकर्डींनी मालिका त्या दोघांच्या हाती सोपवली. तुमच्याही स्टुडिओत अशी फीत करू शकणारं कुणीतरी या क्षणी कुठल्यातरी टेबलाशी बसलेलं आहे. त्याला वेळ द्या, कागद द्या, आणि त्याने केलेलं काम स्वतः बसून पाहा.

कळावे,

आपली,
या मालिकेची एक प्रेक्षक